राजूची अठ्ठाई

धुळे, २० ऑगस्ट १९७२

डॉक्टर म्हणाले, "दलिचंदजी, राग आला की तोंड उघडायचं नाही. लिहून काढायचं. कागदावर कितीही ओरडा, शेजाऱ्याला ऐकू जात नाही." म्हणून हे सुरू केलं. मिलच्या एजंटाने जानेवारीत दिलेली डायरी कपाटात कोरीच पडली होती. घरात आम्ही मारवाडी बोलतो, पण शिकलो नगरपालिकेच्या शाळेत. लिहायला हाताशी मराठीच.

ब्लडप्रेशर वाढलंय म्हणे. का वाढणार नाही? श्रावण लागला तरी पावसाचा थेंब नाही. शिंदखेड्याकडची माणसं पोळ्याच्या आधी कापड न्यायला येतात, यंदा दुकानात चिटपाखरू नाही. आमचा भटू, दुकानातला जुना माणूस, दिवसभर ठाणांवरची धूळ झटकतो आणि दर तासाला सांगतो, "शेठ, बठ्ठा बाजार सुना शे." अरे, मला डोळे नाहीत का?

आणि वर आमचे चिरंजीव. ज्ञानचंद, बी. कॉम. केस मानेवर, पँटचे पाय एवढे रुंद की गल्लीत वेगळा झाडू नको. कापडवाल्याच्या पोराने एका पँटला दोन पँटचं कापड लावावं! परवा गिऱ्हाइकासमोर मला सांगतो, "बाबूजी, आता टेरिलीन ठेवा, धोतरं कोण घेतो?" त्याच वेळी डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी गादीवर बसलो.

डॉक्टरांनी घरच्यांनाही उभं करून बजावलं. यांच्याशी वाद घालायचा नाही, मनाविरुद्ध एक शब्द बोलायचा नाही, नाहीतर झटका येईल. ज्ञानूने मान खाली घातली. राजकुंवर, माझी धाकटी, आमची राजू, ती तर डॉक्टरांच्या मागे दारापर्यंत गेली आणि पुन्हा विचारून आली. परत आली तेव्हा तोंड एवढंसं झालं होतं. हे औषध मात्र मला एकदम पसंत पडलं.

२३ ऑगस्ट

वाचनालयात व्याख्यान होतं. पुण्याचे कोणी प्रोफेसर. विषय, 'आजच्या तरुण पिढीचे मानसशास्त्र'. म्हटलं चला, आपल्या घरात दोन नमुने आहेत, काही उपाय कळेल.

कसला उपाय आणि कसलं काय! तासभर इंग्रजी नावं घेतली आणि शेवटी काय म्हणाले? "पालकहो, मुलांना विचारा." बस्स. एवढ्यासाठी यांना पुण्याहून आणलं, हार घातला, पेढे खाऊ घातले. मुलांना विचारा! माझ्या बापाने मला काय विचारलं होतं? लग्न ठरलं तेव्हा मी पतंग उडवत होतो. खाली बोलावलं, टोपी घातली, पाटावर बसवलं. पानबाईशी संसार झालाच ना? तिलाही कुणी विचारलं नव्हतं. दोघंही न विचारलेले, आणि तीस वर्षं निभावलं.

घरी येऊन पानबाईला हे सांगितलं. ती भांडी लावत होती. म्हणाली, "हो, निभावलं." आणि डबा जरा जोरात ठेवला. हल्ली तिच्या हाताला जोर फार.

२७ ऑगस्ट

आज कामाचं बोलतो. सकाळच्या एस.टी.ने जळगावला गेलो. लखीचंदजींची डाळ मिल, घर तीन मजली, धर्माला धरून असलेली माणसं. धाकटा मुलगा रुपचंद, सरळ पोरगा, केस बारीक. गेल्या महिन्यात ते राजूला बघून गेले होते. पोरगा बोलला काही नाही, दोनदा घड्याळ बघितलं. कामाचा माणूस असाच असतो. आज लखीचंदजी म्हणाले, पोरगी पसंत आहे. मी म्हटलं, तर मग झालं. नारळ आणि रुपया घेतला, जबान दिली. पर्युषण संपलं की दुसऱ्या दिवशी धुळ्याला येऊन सगाई. एकच त्यांचं म्हणणं, कॉलेज आता बंद, आमच्याकडे सुना शिकायला येत नाहीत. मी म्हटलं, बंद.

दलिचंदची जबान बाजारात कशी चालते ते कोणालाही विचारा. त्यापुढे स्टँपपेपर चालत नाही.

संध्याकाळी जेवताना घरात सांगितलं. राजू फुलके वाढत होती. हातातला फुलका तसाच धरून म्हणाली, "मला कुणी विचारलं नाही."

मी म्हटलं, "तुझ्या मामाला विचारलं, जोशीबुवांना विचारलं, जळगावच्या चार दुकानदारांना विचारलं. आता कोण राहिलं, नगराध्यक्ष?" मला हसू आलं, भटू आला होता किल्ल्या द्यायला, तोही हसला. राजूपण हसली असावी, पाठमोरी होती.

मग थोड्या वेळाने, "बाबूजी, बी.एस्सी. होऊ द्या ना," एवढंच म्हणाली. मी घास खाली ठेवून तिच्याकडे बघितलं तशी पटकन म्हणाली, "राहू द्या, राहू द्या, तुम्ही जेवा."

धाक असला की असं होतं.

३० ऑगस्ट

कांदा! माझ्या घरात कांदा!

आजोबांच्या वेळेपासून या घरात कांदा-लसूण आलेला नाही. जमिनीखालचं काही आम्ही खात नाही. आणि आज राजूचं कॉलेजचं जर्नल सहज चाळलं, तर पान भरून कांदा. कांद्याची साल, कांद्याच्या मुळाचं टोक, त्यात रंगीत पेन्सिलीने गोल गोल काढलेलं काहीतरी. खाली सरांचा शेरा, 'उत्कृष्ट'. म्हणजे ही पोरगी रोज सायकलवर टांग मारून जाते ती तिथे बसून कांदा चिरते!

मी विचारलं, "हात लावतेस कांद्याला?"

तर म्हणते, "बाबूजी, त्याच्या मुळाच्या टोकाला पेशी दोन होताना दिसतात. एकीतून दुसरी. डोळ्यांनी दिसतं." आणि असं बोलताना चेहरा असा, जणू तीर्थाला जाऊन आली. मला तिडीकच आली. डॉक्टरांचं सगळं विसरून ओरडलो. कॉलेज बंद, आजपासून, आत्तापासून. सायकल ज्ञानूच्या खोलीत, जर्नल माझ्याकडे. ते मी दुकानाच्या कपाटात नेऊन कुलपात टाकलं. हट्ट मोडून काढीन, म्हटलं. एकदा मोडला की पुन्हा वर येत नाही.

ओरडताना छातीत जरा धडधडलं, तर राजू धावत पाणी घेऊन आली. "बाबूजी, मी काही म्हणत नाही. काही म्हणत नाही. तुम्ही बसा." 

पाहा, प्रोफेसरसाहेब. याला म्हणतात मानसशास्त्र.

३ सप्टेंबर

घर शांत. राजू खाली मान घालून कामं करते. "ठीक आहे, बाबूजी" याशिवाय दुसरा शब्द नाही. ज्ञानूनेही बोलणं टाकलंय, पण त्याचं मौन मग्रूर आहे, पोरीचं मौन चांगल्या वळणाचं.

आज राजू जेवली नाही. डोकं दुखतंय म्हणे.

दुकान कोरडं. खडी फोडायच्या कामावर निघालेली बायामाणसं हायवेने जाताना दिसतात. पाटीत तान्ही पोरं घेऊन. भटू म्हणतो त्याच्या गावाला विहिरीत खडखडाट आहे.

५ सप्टेंबर

आज पर्युषण बसलं. डॉक्टर, तुम्हाला आमच्यातलं ठाऊक नाही म्हणून सांगतो. (तुम्हाला हे दाखवणार नाहीच, पण मनातल्या मनात तुमच्याशीच भांडतो मी.) आठ दिवस आमचे तपाचे. ज्याला जेवढं झेपेल तेवढं. कुणी एकवेळ जेवतं, कुणी आठही दिवस निव्वळ उकळून गार केलेल्या पाण्यावर राहतं, तेही सूर्य मावळेपर्यंतच. त्या आठ दिवसांच्या उपासाला अठ्ठाई म्हणतात. घरात अठ्ठाई झाली की सात पिढ्यांचं नाव निघतं.

सकाळी स्थानकात, म्हणजे आमच्या धर्मसभेच्या जागी, व्याख्यानाला निघालो. चातुर्मासाला आलेल्या साध्वी महासतीजींची वाणी गोड आहे. निघताना पाटावर दोनच ताटं बघितली. म्हटलं, "राजू?"

पानबाई चुलीकडे बघत म्हणाली, "तिला नको आहे."

"कालपण नव्हतं ना?"

"नव्हतं."

"उपास धरलाय का तिने?"

पानबाईने चुलीतलं लाकूड पुढे सारलं. मग म्हणाली, "हो. उपासच म्हणायचा."

माझ्या तर अंगावर काटा आला! अठ्ठाई! आमच्या राजूने न बोलता, न गाजावाजा करता अठ्ठाई धरली! मी तिच्या खोलीत गेलो. भिंतीकडे तोंड करून पडली होती. डोक्यावरून हात फिरवला. म्हटलं, "पोरी, बापाचं नाव काढलंस." तिने वळून माझ्याकडे टक लावून बघितलं. भरून आलं असणार तिला. स्थानकात पाच जणांना सांगितल्याशिवाय मला राहवलं नाही.

७ सप्टेंबर

जळगावला तार केली. लखीचंदजींचा उलट निरोप आला, संवत्सरीलाच, पर्युषणाच्या शेवटच्या दिवशी, सहकुटुंब येतो, होणाऱ्या सुनेचा बहुमान होईल, दुसऱ्या दिवशी पारणं म्हणजे उपास सोडणं आमच्या हातून, आणि लगेच सगाई. सोन्याला सुगंध. बँडवाला ठरवला. घरापासून स्थानकापर्यंत बग्गी.

आता रागाचं लिहितो. ज्ञानू दुकानात आला. म्हणाला, "बाबूजी, बँड रद्द करा."

"का रे?"

"ती उपास करत नाहीये. ती जेवत नाहीये."

मी म्हटलं, "गाढवा, दोन्ही एकच."

"एक नाही," म्हणाला. "तुम्ही एकदा तिला विचारा तर."

पुन्हा तेच! विचारा! त्या प्रोफेसराचं भूत आमच्या दुकानात शिरलंय. स्वतः कधी नवकारशी, म्हणजे सूर्य उगवून दोन घटका होईपर्यंत तोंडात काही न घालणं, पाळली नाही, संध्याकाळी हॉटेलात बसून आमलेट खातो की काय देव जाणे, आणि बहिणीच्या तपावर तोंड वर करून बोलतो. हातात कापड मोजायचा लोखंडी गज होता. तो मी फेकला. त्याला लागला नाही, आरशाला लागला. आरसा गेला. गिऱ्हाइकांचं नशीब की गिऱ्हाईक नव्हतं.

ज्ञानू काचा गोळा करत म्हणाला, "हेच. हेच आहे. म्हणून कुणी काही बोलत नाही तुमच्याशी."

उचलली जीभ लावली टाळ्याला. हीच आजची पिढी. ज्याला धर्म कळत नाही त्याला धर्मात खोट दिसते. त्याच्या जागी मी असतो तर बहिणीचे पाय धुतले असते.

९ सप्टेंबर

राजू फार वाळली. डोळे आत गेलेत. अठ्ठाईत असं होतंच, मीही एकदा तीन केले होते. तेज येतं म्हणतात, मी रोज जाऊन तेज बघतो. अजून आलं नाही.

आज तिच्यापाशी बसलो. म्हटलं, "आता तीनच राहिले. मग पारणं. सगळं गाव येईल."

ती म्हणाली, "बाबूजी, किती दिवस झाले?"

"आज पाचवा."

"सातवा," म्हणाली.

अशक्तपणाने दिवसांचा हिशेब चुकतो. मी हसलो, बोटं मोजून दाखवली. तिने डोळे मिटले. मग म्हणाली, "तुम्हाला छातीत दुखतं का अजून?" म्हटलं, "नाही गं, तू माझं औषध आहेस." पोरीच्या डोळ्यांतून पाणी आलं. त्या क्षणी वाटलं, असलं अपत्य ज्याच्या पोटी आहे त्याला आणखी काय हवं?

दिवे लागल्यावर तिच्या उशाशी पाण्याचा तांब्या दिसला. सूर्य मावळल्यावर पाणी! म्हणजे अख्खं तप मोडलं की! मी पानबाईवर असा कडाडलो की शेजारच्या लाडकुंवरभाभी खिडकीत आल्या. पानबाई तांब्या उचलून उभी राहिली आणि माझ्याकडे बघत म्हणाली, "तहान लागली तर काय करायचं तिने? मरायचं?"

तीस वर्षांत पहिल्यांदा या बाईने मला उलट उत्तर दिलं. घरातल्या सगळ्यांना वारं लागलंय.

११ सप्टेंबर

गणपती बसले. रस्त्यात ढोल. मला मात्र सकाळपासून कशातच चैन नाही.

राजू उठून बसली की चक्कर येते. डॉक्टर, तुम्हीच आलात. नाडी बघितली, ग्लुकोजची बाटली काढली. मी म्हटलं, एकच दिवस राहिला, आता तप मोडायचं नाही. तुम्ही माझ्याकडे न बघता राजूला विचारलंत, "काय ग, घेतेस?" तिने मान हलवली. नको. तुम्ही बॅग उचललीत आणि दारात मला म्हणालात, "निश्चय दांडगा आहे. पण कशाचा ते मला समजलं नाही." तुम्हाला कसं समजेल?

खरं लिहितो. तुम्ही गेल्यावर मला भीती वाटली. देवासमोर बसलो आणि म्हटलं, उद्याचा दिवस जाऊ दे. मग भीती वाटली म्हणून राग आला, आणि राग ज्ञानूवर काढला. तो बहिणीच्या खोलीबाहेर उंबऱ्यावर बसला होता. म्हटलं, बँडवाल्याला आठवण करून ये. उठला नाही. "बाहेर लोकं भाकरीवाचून खडी फोडतायत आणि आपण भुकेची वरात काढणार," म्हणाला. मी स्वतः गेलो. बँडवाला बाप माणूस, म्हणाला, "शेठ, पोरगी देवी आहे तुमची."

१२ सप्टेंबर, संवत्सरी

आज अक्षर बघू नये.

सकाळी बग्गी निघाली. राजूला लाल साडी नेसवली होती, लखीचंदजींनी आणलेली. पानबाई एका बाजूने, ज्ञानू दुसऱ्या बाजूने धरून. बँड वाजत होता. 'तपस्वी की जय'. माझी छाती अशी फुगली होती की काय सांगू. लखीचंदजी माझा हात धरून चालत होते. रुपचंद मागे.

स्थानक खचाखच. महासतीजींनी अठ्ठाईवाल्यांना उभं राहायला सांगितलं, शेवटचं पचक्खाण घ्यायला. पचक्खाण म्हणजे नेम. मी आज अमुक सोडतो, असं गुरूंपुढे उभं राहून म्हणायचं. ते म्हटल्याशिवाय उपास उपास होत नाही, नुसती उपासमार होते. हे आमच्यातलं शेंबडं पोरही जाणतं. मीही जाणत होतो. आठ दिवस मला एकदाही आठवलं नाही, की राजू तर स्थानकात आलीच नव्हती. मी समजलो घरी म्हणत असेल.

चौघी बायका उभ्या राहिल्या, हात जोडले. राजू बसूनच. मी मागून म्हटलं, "राजू, ऊठ." महासतीजी म्हणाल्या, "बसू द्या, श्रावकजी, अशक्त आहे. बाई, तू बसूनच म्हण. मागचे नेम कुणाकडे घेतलेस?"

राजू म्हणाली, "घेतले नाहीत, महाराज."

आवाज एवढासा, पण तेव्हा पंखासुद्धा वाजत नव्हता.

"एकही नाही?"

"नाही. मी तप केलं नाही. मी जेवले नाही, एवढंच. पर्युषणाच्या आधीपासून. मला तपस्वी म्हणू नका, पाप लागेल."

महासतीजींनी एकदा तिच्याकडे आणि एकदा माझ्याकडे बघितलं.  म्हणाल्या, "खरं बोललीस, बाई. घरी जा आणि जेव."

डॉक्टर, ही माझी पोरगी! भर सभेत! लखीचंदजी, त्यांचं सगळं कुटुंब, अख्खी पेठ, बाहेर बँडवाले दुसऱ्या गाण्याची वाट बघत! ज्या बापाने आठ दिवस छाती पुढे काढून मिरवलं त्याचं नाक सगळ्यांसमोर कापलं. खोटं बोलली असती तर काय बिघडलं असतं? एक दिवस! एक शब्द! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. घरी आलो तो कुणाशी बोललो नाही. आणि पानबाई म्हणते, मला माहीत होतं. ज्ञानूला माहीत होतं. सगळ्यांना माहीत होतं! मी विचारलं, "मग मला का सांगितलं नाही?"

पानबाई म्हणाली, "डॉक्टरांनी सांगितलं होतं ना, तुमच्या मनाविरुद्ध बोलायचं नाही. पोरीने शपथ घातली होती. म्हणाली, बाबूजींना झटका आला तर मी काय करू? बोलता येत नव्हतं, तर जेवण सोडलं. वाटलं, तुम्ही विचाराल."

संध्याकाळी प्रतिक्रमण. संवत्सरीला आम्ही सगळ्यांची क्षमा मागतो. वर्षभरात कळत-नकळत दुखावलं असेल, मिच्छामि दुक्कडम्, खमत-खामणा. लहान मोठ्याला म्हणतो, मोठा लहानाला. शत्रूलाही म्हणायचं. मी आज सगळ्या पेठेला हात जोडले. ज्या मेघराजने माझं गिऱ्हाईक फोडलं त्यालाही जोडले. भटूलाही जोडले, तो बिचारा कावराबावरा झाला, "शेठ, माले का हात जोडतस?" म्हणाला.

घरी आलो तर राजू भिंतीला धरून दारात उभी. दोन्ही हात जोडून म्हणाली, "खमत-खामणा, बाबूजी."

मी तिच्या बाजूने आत निघून आलो.

१३ सप्टेंबर

सकाळी लखीचंदजी आले. मला वाटलं, नारळ परत मागायला. मी मान खाली घालून तयार होतो. पण ते हसत होते. म्हणाले, "मनाला लावून घेऊ नका, दलिचंदजी. पोर हट्टी आहे, चालायचंच. आमच्याकडे अशा दोन सुना आल्या. वर्षभरात मोडल्या. हीपण मोडेल."

मोडेल!

हा शब्द कुठेतरी ऐकल्यासारखा वाटला, पण विचार करायला वेळच मिळाला नाही. माझं डोकं गेलं. "मोडेल म्हणजे? बैल आहे का ती? दहा दिवस अन्नावाचून राहिली, बापाच्या छातीला त्रास नको म्हणून एक शब्द बोलली नाही, आणि भर सभेत खरं बोलली, खोटा मान घेतला नाही. ही मोडायची पोरगी आहे? तुमच्या तीन मजल्यांत असं एक माणूस दाखवा!" कपाटातला नारळ काढला, रुपया काढला, समोर ठेवला. "दलिचंदने जबान दिली होती, दलिचंद परत घेतो. लिहून ठेवा बाजारात."

पहिल्यांदाच परत घेतली. बोलताना तोंडात कडू आलं.

ते उठले. रुपचंद जिन्यावर मागे राहिला, वाकून नमस्कार केला. म्हणाला, "काकाजी, त्यांचं कॉलेज आमच्यामुळे सुटलं, हे मला माहीत नव्हतं." घड्याळ बघितलं नाही आज. गेला.

मी तसाच दुकानात गेलो, कुलूप काढलं, जर्नल आणलं. राजूच्या पांघरुणावर ठेवलं. कांद्यासकट.  पानबाई मुगाच्या पाण्याची वाटी घेऊन आली. राजूने तोंड फिरवलं.

आता काय! स्थळ मोडलं, जबान मोडली, कांदा घरात आणला. आणखी काय जीव द्यायचा बापाने? मी ओरडणार होतो. पण मग म्हटलं, एकदाचं होऊन जाऊ दे. आणि त्या प्रोफेसराला शिव्या घालत घालत विचारलं. "राजू, तुला हे स्थळ नको होतं का?"

ती म्हणाली, "स्थळ वाईट नव्हतं, बाबूजी. तुम्ही विचारलं असतंत तर मी म्हणाले असते, त्यांना एक वर्ष थांबायला सांगा. ते हो म्हणाले असते तर मीही म्हणाले असते."

डॉक्टर, ऐकलंत? हो म्हणाली असती! म्हणजे जबानही राहिली असती, स्थळही राहिलं असतं, पेठेत नाकही राहिलं असतं! मग दहा दिवस उपाशी कशाला मेलीस, म्हटलं. तर म्हणते, "तेच तर सांगत होते."

काय तेच? काय सांगत होतीस? तोंडातून चकार शब्द नाही, आणि म्हणे सांगत होते! मी ज्ञानूकडे बघितलं, पानबाईकडे बघितलं. दोघांनाही समजलेलं दिसत होतं. मलाच तेवढं समजत नाही या घरात. हे लिहितानाही कान तापलेत. या पिढीचं काय करायचं ते त्या पुण्याच्या माणसालाही ठाऊक नाही, पैज लावतो.

पानबाई वाटी धरून तशीच उभी. हात भरून आला असेल बिचारीचा. मी वाटी तिच्याकडून घेतली, पलंगाच्या कडेला बसलो. "पी," असं तोंडात आलं होतं. ते गिळलं. म्हटलं, "राजू, पितेस का?"

 वाटी गरम होती, बोटं भाजत होती. मी थांबलो.